अणुविद्येची साक्ष : कोणाची आणि कोणत्या प्रश्नापुरती

वऱ्हाडात अणुभट्टी नाही, युरेनियमची खाण नाही, आणि पारसच्या व नांदगाव पेठच्या धुराड्यांतून जो धूर निघतो तो निखळ कोळशाचा. तेव्हा ज्या मुलखात ट्रॉम्बे, तारापूर आणि जैतापूर ही नावे केवळ वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून पोहोचतात, त्या मुलखातील वाचकांसाठी अणुऊर्जेविषयीची भरवशाची माहिती कोठे मिळते, तिचे जाणकार कोण आणि त्यांच्या व्यावसायिक संस्था कोणत्या, हे सांगणारा संग्रह अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकांनी एवढ्या परिश्रमाने का सिद्ध करावा, अशी शंका चिकित्सक वाचकाच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मुंबईकडे न पाहता अकोल्याकडेच पाहून द्यावे लागते. अणुविद्या वऱ्हाडात बियाण्याच्या पिशवीतून शिरली, आणि तीही आता चार दशकांची जुनी गोष्ट झाली.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची अकोल्यास १९६९ साली स्थापना झाल्यानंतर तेथील वनस्पती पैदासकार आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ यांच्यात जो सहकार जुळून आला, त्याचे पहिल्या प्रतीचे फळ म्हणजे १९८५ साली प्रसारित झालेला टीएयू-१ हा उडदाचा वाण. ट्रॉम्बे, अकोला आणि उडीद या तिहींची आद्याक्षरे त्याच्या नावात गोवलेली आहेत. त्यामागील प्रक्रिया थोडक्यात अशी : बियाण्यावर गॅमा किरणांचा वा क्ष-किरणांचा मारा केला म्हणजे त्याच्या जनुकद्रव्यात येथे-तेथे मोडतोड होते, त्या बियांपासून पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या हजारो रोपांपैकी बहुतेक सारी निरुपयोगी ठरून उपटून टाकावी लागतात, आणि एखादेच रोप असे निघते की, ज्याचा बुटकेपणा, लवकर पक्व होण्याचा गुण किंवा शेंगांचा भरघोसपणा पैदासकाराच्या नजरेत भरतो. अशाच एका गडद हिरव्या पानांच्या उत्परिवर्ती उडदाचा टी-९ या रूढ वाणाशी संकर करून टीएयू-१ निपजला, अकोल्यातच मुख्यालय असलेल्या महाबीजने त्याचे बियाणे गावोगाव पोहोचविले, आणि पुढे महाराष्ट्रातील उडदाच्या पेऱ्याचा फार मोठा भाग या एका वाणाने व्यापून टाकला. भुईमुगाचा टीएजी-२४ हा ठेंगणा, लवकर येणारा वाण १९९१ साली याच दोन संस्थांच्या सहकार्यातून आला, मुगाचे वाण आले, तुरीचे आले. आणि अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या टीएएमएस-३८ या सोयाबीनच्या नावात तर अमरावतीचे अक्षरही जाऊन बसले. ज्या कास्तकाराने हे वाण आपल्या वावरात पेरले, त्याने अणुविद्येशी व्यवहार केला. मात्र तो व्यवहार आपण करीत आहोत हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि पुष्कळ वर्षांनी कोणीतरी अर्धवट सांगितले तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहिला तो असा की, हे धान्य पोटात गेले तर किरण अंगात शिरतील काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही निःसंदिग्ध आहे. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बियाण्यातून पार होतात आणि तेथेच त्यांचे कार्य संपते. त्यांची ऊर्जा बियाण्यातील अणूंच्या केंद्रकांत फेरफार करून त्यांना किरणोत्सारी बनविण्याइतकी नसते, आणि शेतकऱ्याच्या हाती येणारे दाणे तर मूळ किरणित बियांपासून कित्येक पिढ्या दूर असतात. परंतु हे उत्तर बरोबर आहे हे त्या कास्तकाराने कशावरून मानावे? प्रस्तुत संग्रहाचा खरा विषय या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. अकोल्याच्या वा धामणगावच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली म्हणजे खरेदीदार मूठभर रुई हाती घेतो, दोन्ही चिमटींत धरून ताणतो, धाग्याची लांबी व ताकद डोळ्यांनी व बोटांनी अजमावतो, आणि मगच भाव बोलतो. विकणाराही तोच कापूस त्याच बोटांनी जाणत असल्यामुळे त्या सौद्यात लबाडी झालीच तरी तिला मर्यादा असते. अणूच्या बाबतीत ही सोय मुळीच नाही. किरणोत्साराला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि ज्या उपकरणाने तो मोजावयाचा ते उपकरण, त्याचे मापांकन आणि त्यावरील आकड्याचा अर्थ, हे सारेच परहस्तगत. अशा विषयात सामान्य माणसाला वस्तूची परीक्षा करता येत नाही, साक्षीदाराची मात्र करता येते : बोलणारा कोण, तो कोणत्या अधिकाराने बोलतो, त्यात त्याचा हितसंबंध काय, तो कोणाला उत्तरदायी आहे, आणि त्याने हे केव्हा सांगितले. या पाच गोष्टींची शहानिशा कशी करावी हे शिकविणे, एवढाच या संग्रहाचा माफक हेतू आहे, आणि माझ्या मते तो अणुभट्टीची आकृती समजावून देण्याहून अधिक उपयोगी आहे.

बियाण्याखालोखाल वऱ्हाडी माणसाचा अणुविद्येच्या परिवाराशी संबंध येतो तो रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात. (क्ष-किरण केंद्रकातून निघत नाहीत, यंत्राच्या नळीत निर्माण होतात, असा आक्षेप कोणी पदवीधर घेईल, परंतु कायद्याने व नियमनाने ते याच दप्तरात दाखल केलेले असल्यामुळे तो आक्षेप येथे गैरलागू आहे.) त्या विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या अंगरख्याच्या आतल्या बाजूस, एक लहानसा बिल्ला लावलेला असतो. रुग्णांपैकी शेकडा नव्याण्णवांना तो ओळखपत्रासारखा वाटतो. वस्तुतः त्या बिल्ल्याच्या पोटात एका धातूच्या पट्टीवर तीन चकत्या बसविलेल्या असतात, त्या कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियमचा अत्यल्प अंश घालून व टेफ्लॉनमध्ये मळून बनविलेल्या असतात, आणि त्यांतील एकीवर तांबे व ॲल्युमिनियम यांचा, दुसरीवर प्लॅस्टिकचा पडदा असून तिसरी उघडी ठेवलेली असते, जेणेकरून अंगावर आलेला किरण कोणत्या जातीचा व किती जोराचा याचा तर्क करता यावा. दर तीन महिन्यांनी ही पट्टी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जाते. तेथे ती तापविली की त्या चकत्या, गेल्या तीन महिन्यांत जेवढा किरणोत्सार त्यांनी शोषला असेल तेवढ्या प्रमाणात, क्षणभर प्रकाशतात, आणि त्या प्रकाशावरून त्या तंत्रज्ञाच्या नावे मात्रा जमा होते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही त्याची मर्यादा. तुम्हा-आम्हा सर्वसाधारण जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. इतकी काटेकोर व्यवस्था कागदावर असताना प्रत्यक्षात काय चालले होते, हे जाणून घ्यावयाचे असेल तर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ साली संसदेपुढे ठेवलेला अणुऊर्जा नियामक मंडळावरील अहवाल वाचावा. देशातील वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी सुमारे ९१ टक्के केंद्रे मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती, असे त्यात नमूद आहे. त्यानंतर नोंदणी व परवान्याचे काम संगणकीय मार्गाने होऊ लागले आणि स्थितीत पालट पडला. तथापि आपल्या गल्लीतील दवाखान्याच्या भिंतीवर तो परवाना लावलेला आहे की नाही, हे विचारण्याचा संकोच रुग्णाने बाळगू नये. डॉक्टरसाहेबांचा अवमान होतो अशी समजूत असेल तर ती निराधार आहे.

लेखापरीक्षकांच्या या अहवालाचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला. कारण सरकारी म्हणून जे जे आहे ते एकाच मुशीतले, अशी जी समजूत मुफसल भागात दृढ झालेली आहे, ती अणुऊर्जेच्या बाबतीत विशेष घातक ठरते. अणुऊर्जा आयोग १९४८ सालचा, अणुऊर्जा विभाग १९५४ सालचा आणि तो आरंभापासून थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतला. वीजनिर्मितीचा कारभार पाहणारे न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन १९८७ सालचे. आणि अणुवीज केंद्रांच्या कामावर सुरक्षिततेच्या दृष्टीने देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ नोव्हेंबर १९८३ चे. यांपैकी कॉर्पोरेशनचे काम वीज निर्माण करणे व ती विकणे हे असल्यामुळे अमुक केंद्राने अमुक वर्षी किती युनिटे निर्माण केली, हे विचारावयास त्याच्याइतका अधिकारी साक्षीदार दुसरा नाही. परंतु ते केंद्र निर्धोक आहे काय, हा प्रश्न त्यालाच विचारून त्याच्या उत्तरावर समाधान मानणे म्हणजे वादीलाच न्यायासनावर बसविण्यासारखे होय. तो प्रश्न नियामक मंडळाचा. आणि नियामक मंडळ स्वतः पुरेसे स्वतंत्र आहे काय, हा प्रश्न पुन्हा त्या मंडळाचा नव्हे. तो लेखापरीक्षकांचा, संसदेचा आणि त्या मंडळातून बाहेर पडल्यावर मोकळेपणाने लिहिणाऱ्या माणसांचा. मंडळाचे एक माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी १९९६ साली निवृत्त झाल्यानंतर मंडळाच्या परावलंबित्वावर जी सातत्याने टीका केली, ती सर्वांशाने मान्य करावी असे माझे म्हणणे नाही; ती वगळून मंडळाविषयी मत बनवू नये, एवढेच मी म्हणतो.

गुप्ततेचा इतिहासही येथे ध्यानात घेतला पाहिजे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमान्वये अणुविषयक माहितीच्या प्रकटीकरणावर निर्बंध घालण्याची मुभा केंद्र सरकारला मिळाली, आणि अण्वस्त्रांच्या चिंतेतून जन्मलेली ती सावधगिरी हळूहळू विजेच्या दरापर्यंत, शेजारच्या गावांच्या आरोग्यापर्यंत आणि कधी कधी निव्वळ प्रशासकीय आळसापर्यंत पसरली. ज्या खात्याने शंकेला उत्तर द्यावयाचे त्याने मौन धरले की शंकेची अफवा होते, आणि अफवेचा पुढे व्यापार होतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने हे दार किलकिले झाले, ही समाधानाची गोष्ट होय; मात्र अर्ज कोणत्या कचेरीकडे करावयाचा आणि कोणत्या शब्दांत, हे ठाऊक नसल्यामुळे अमरावतीहून गेलेला अर्ज एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात फिरत राहतो, आणि अर्जदार कंटाळून शेवटी भ्रमणध्वनीवर फिरणारा मजकूरच प्रमाण मानतो.

तो मजकूर किती हानी करू शकतो याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा येथील भट्ट्यांना अपघात झाल्यानंतर, एका ख्यातनाम विलायती वृत्तसंस्थेच्या नावाने, पावसात भिजू नका, मानेला आयोडिनचे औषध लावा, अशा आशयाचा बनावट संदेश आशियाभर फिरला. तो निदान फुकटचा होता. 'राइस पुलर'च्या नावाने चालणारी फसवणूक मात्र घरे-दारे बुडविते : तांब्याचे एखादे जुने भांडे वा नाणे दाखवावयाचे, त्यावर वीज पडल्याने त्यात अलौकिक किरणोत्सारी धातू उत्पन्न झाला असून तो तांदळाचे दाणे ओढून घेतो असे भासवावयाचे, चकचकीत पोशाख घातलेला एक तोतया शास्त्रज्ञ 'तपासणी'साठी आणावयाचा, आणि परदेशी अंतराळसंस्था कोट्यवधी रुपयांना ही वस्तू घेणार आहे म्हणून तपासणीच्या खर्चापोटी गिऱ्हाइकाकडून लाखांनी रक्कम उकळावयाची. देशाच्या अनेक राज्यांत पोलिसांनी असे गुन्हे उघडकीस आणले आहेत. तांदूळ ओढण्याचा कसलाही गुण किरणोत्सारात नाही, ही गोष्ट कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात पाच मिनिटांत विचारून घेता आली असती. पण विचारावयाचे कोणाला, हेच गिऱ्हाइकाला माहीत नव्हते आणि विचारल्यास गुपित फुटेल अशी त्याला धास्ती घातली होती. याच कुळातली दुसरी फसवणूक नोकरीची. भाभा केंद्रात किंवा न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनमध्ये 'चिकटवून देतो' म्हणून अनामत मागणारा इसम हा निरपवादपणे लबाड समजावा. त्या संस्थांची भरती जाहीर सूचना, परीक्षा आणि मुलाखत याच मार्गाने होते.

उलटपक्षी, जेथे खरे भय बाळगावयाचे तेथे आपण बेफिकीर असतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेल्या एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० फोडला गेला, त्यात एक माणूस दगावला आणि अनेक जखमी झाले. अकोल्याच्या व अमरावतीच्या भंगार व्यापाऱ्यांपैकी किरणोत्साराच्या धोक्याचे ते तीन पाकळ्यांचे चिन्ह ओळखणारे किती असतील? या संग्रहाच्या कर्त्यांनी ते चिन्ह मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस मोठे छापून घेतले, हे मला सर्वांत पसंत पडले.

आता व्यावसायिक संस्थांकडे वळतो. संग्रहाचा मधला व सर्वांत मोठा भाग त्यांनी व्यापलेला आहे, आणि मुफसल वाचकाला तोच सर्वांत अपरिचित. सरकारी खाते आपल्या अधिकाऱ्याच्या सहीने बोलते, तेव्हा त्या सहीमागे माणूस दिसत नाही; व्यावसायिक संस्थेत मात्र त्या विद्येचे उपासक परस्परांच्या प्रबंधांची चिरफाड करावयास एकत्र बसलेले असतात, आणि म्हणून त्यांच्या नियतकालिकांतून जी माहिती बाहेर पडते तिच्यावर समव्यावसायिकांची नजर गेलेली असते. विकिरण संरक्षणाचे काम करणाऱ्यांची इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शन ही संस्था १९६८ सालची. रुग्णालयांतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची असोसिएशन ऑफ मेडिकल फिजिसिस्ट्स ऑफ इंडिया आणि उद्योगधंद्यांत समस्थानिके वापरणाऱ्यांची 'नारी' या नावाने ओळखली जाणारी संघटना, या दोन्ही १९७६ च्या. केंद्रकीय रसायनशास्त्रज्ञांची 'आयनकास' १९८१ ची, आणि अणुशास्त्राच्या सर्व शाखांना एका छत्राखाली आणू पाहणारी इंडियन न्यूक्लियर सोसायटी १९८८ ची. या सर्वांचे बिऱ्हाड बहुतांशी मुंबईत, त्यातही ट्रॉम्बे-अणुशक्तिनगरच्या परिसरात आहे. आणि यातच त्यांचे सामर्थ्य व त्यांचे वैगुण्य दोन्ही सामावलेली आहेत. विद्वत्ता तेथे आहे हे खरे. परंतु सभासदांपैकी पुष्कळ जण अणुऊर्जा विभागाचेच आजी-माजी नोकर असल्यामुळे विभागाच्या धोरणावर प्रतिकूल अभिप्राय द्यावयाची वेळ आली की या संस्थांचा आवाज खाली येतो. हा दोषारोप नव्हे, वस्तुस्थिती आहे. ती जाणून घेऊन त्यांच्याकडे गेले म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. मात्रा किती, मोजावयाची कशी, अमुक उपचारात धोका किती, हे प्रश्न त्यांना निःशंक विचारावेत. अणुवीज देशाला परवडते काय, जैतापूरच्या मच्छीमारांचे काय होईल, हे विचारावयाचे असेल तर अन्य साक्षीही काढाव्यात.

त्या अन्य साक्षींत गुजरातेतील वेडछी येथून सुरेंद्र गाडेकर यांनी १९८७ पासून चालविलेल्या 'अणुमुक्ती' या नियतकालिकाचे नाव आदराने घेतले पाहिजे. गांधीविचारात वाढलेल्या आणि स्वतः भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थाने व त्यांच्या डॉक्टर पत्नीने राजस्थानातील रावतभाटा वीजकेंद्राच्या परिसरातील गावांत घरोघर फिरून आरोग्याची पाहणी केली. त्यांच्या निष्कर्षांवर अणुऊर्जा विभागाने आक्षेप घेतले, आणि ते आक्षेपही वाचण्याजोगे आहेत. विरोधकाची साक्षही साक्षच. तिला उलटतपासणीतून सवलत नाही. माझा अनुभव असा की, या वादात दोन्ही पक्ष जे आकडे मान्य करतात ते बहुधा पक्के असतात, म्हणून प्रथम त्यांचीच रुजवात घ्यावी. लंडनची वर्ल्ड न्यूक्लियर असोसिएशन ही अणुउद्योगाची संघटना, आणि मायकल श्नायडर यांच्या संपादनाखाली दरवर्षी निघणारा जागतिक अणुउद्योगाच्या स्थितीचा अहवाल हा त्या उद्योगाचा कठोर टीकाकार. भारताच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे ३ टक्के आहे, याविषयी मात्र त्यांच्यात दुमत नाही. एक म्हणतो तो वाढलाच पाहिजे, दुसरा म्हणतो एवढ्या वर्षांच्या खर्चानंतर एवढाच. आकडा एक, कैफियती दोन.

व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ सालची. जगातील प्रत्येक वीजभट्टीची नोंद तिच्या दप्तरी सापडते, आणि त्या बाबतीत तिच्यापलीकडे जाण्याचे सहसा कारण पडत नाही; तथापि अणुऊर्जेचा प्रसार आणि तिच्यावर पहारा ही दोन्ही कामे तिच्या घटनेनेच तिच्याकडे सोपविली आहेत, हे विसरू नये. किरणोत्साराच्या परिणामांपुरते पाहावयाचे तर संयुक्त राष्ट्रांनी १९५५ साली नेमलेल्या शास्त्रीय समितीचे अहवाल आणि १९२८ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाच्या शिफारशी अधिक निर्लेप आहेत. ते वाचन रूक्ष आहे, यात शंका नाही.

साक्षीदाराच्या जोडीने तारखेची परीक्षा करावी लागते, आणि या बाबतीत आपले सुशिक्षित वाचकही ढिले असतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या तेव्हा त्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती, पुढे ती १६० वर आणण्यात आली. एका पुस्तकात पहिला आकडा व दुसऱ्यात दुसरा पाहून अमुक लेखक खोटा असा निवाडा करणारे मी पाहिले आहेत. मराठी विश्वकोशाचेच उदाहरण घ्या. अकारविल्हे रचनेमुळे 'अणु'पासून आरंभ होणाऱ्या सगळ्या नोंदी पहिल्याच खंडात पडल्या, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालील तो खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. भाषेची स्वच्छता व विवेचनाची पद्धती या दृष्टींनी तसे लेखन मराठीत आजही दुर्मीळ. परंतु तो छापील खंड १९७९ चा थ्री माइल आयलंडचा अपघात जाणत नाही, १९८६ चे चेर्नोबिल जाणत नाही, आणि फुकुशिमा तर नाहीच नाही. अमरावतीच्या नगर वाचनालयात किंवा अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात बसून जो विद्यार्थी तेवढ्यावरून निबंध लिहील, त्याच्या हातून सुबक आणि शिळे असे काहीतरी निपजेल. मूलतत्त्वांसाठी तो खंड, सुरक्षिततेसाठी नियामक मंडळाचा चालू वार्षिक अहवाल, असा क्रम ठेवला की हा घोटाळा टळतो. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद जे नियतकालिक चालवीत आली आहे त्यानेही मधल्या काळातील पुष्कळ पोकळी भरून काढली आहे. भाभा केंद्रात काम केलेल्या डॉ. बाळ फोंडके यांच्यासारख्यांनी मराठीत लिहिण्याचे मनावर घेतले नसते तर आपली स्थिती आजच्याहून पुष्कळच दीनवाणी असती.

विद्यार्थ्यांकरिता दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. कारण संग्रहाचे गिऱ्हाईक प्रामुख्याने तेच होणार. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातून आणि विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेसारख्या जुन्या महाविद्यालयांतून दरवर्षी भौतिकशास्त्राचे पदवीधर व द्विपदवीधर बाहेर पडतात, आणि त्यांतील बहुसंख्यांना प्राध्यापकी किंवा स्पर्धापरीक्षा यापलीकडे तिसरी वाट दिसत नाही. १९५७ साली सुरू झालेल्या ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेचे नाव त्यांनी ऐकलेले असते, पण ती आपल्यासाठी नव्हे अशी त्यांची समजूत असते. विकिरण उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयास वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ नेमावाच लागतो, आणि एम.एस्सी. नंतर भाभा केंद्रात विकिरण भौतिकीची एक वर्षाची पदविका घेऊन ती वाट धरता येते, ही वार्ता तर वऱ्हाडात पोहोचलेलीच नाही. कर्करुग्णांची संख्या वाढत असता, आणि खुद्द आपल्या भागातील रुग्णांना उपचारासाठी नागपूर-मुंबईच्या फेऱ्या घालाव्या लागत असता, त्या यंत्रांची मात्रा ठरविणारी माणसे आपल्याच महाविद्यालयांतून का निघू नयेत? पदविका किंवा तंत्रनिकेतनाचे शिक्षण झालेल्यांसाठी वीजकेंद्रांच्या विद्यावेतनी प्रशिक्षणार्थ्यांच्या जागा असतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर नागपूरलाच अणुखनिज संचालनालयाचे प्रादेशिक केंद्र आहे. एवढ्या जवळच्या संस्थेची चौकशी करावयास मुंबईची गाडी पकडण्याचेही कारण नाही.

संग्रहात उणिवा आहेत आणि त्या कर्त्यांपुढे मी मांडलेल्या आहेत. जैतापूरचे प्रकरण त्यांनी अतिशय सावधपणे, जवळजवळ चिमट्यात धरून लिहिले आहे. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांच्या त्या योजनेविषयी कोकणात जो क्षोभ उसळला, त्याची कारणे केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल, हे त्यांनी अधिक ठसठशीतपणे लिहावयास हवे होते. याउलट लासलगावच्या 'कृषक' केंद्राचे वर्णन, २००२ पासून तेथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून विकिरण कसे देतात, पाळण्यांतून पेट्या कोबाल्टच्या स्रोताभोवती कशा फिरतात, याचा तपशील, असे काही अप्रतिम उतरले आहे की, शेतमालाच्या साठवणुकीची चिंता करणाऱ्या वऱ्हाडी कास्तकाराने संग्रहाचे बाकीचे पान उलटले नाही तरी हे प्रकरण अवश्य वाचावे. सर्वांत मोठी उणीव मात्र कर्त्यांची नव्हे. वर उल्लेखिलेल्या व्यावसायिक संस्थांपैकी बहुतेकींचा सारा व्यवहार इंग्रजीत चालतो, आणि ज्या राज्यात त्यांचे बिऱ्हाड आहे त्याच्या भाषेत त्यांनी काही छापले तरी ते आमच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा त्यांच्याकडून मराठीची वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांनाच येथे बोलवावे, हे उत्तम. आयनकास ही संस्था महाविद्यालयांतून समस्थानिकांच्या उपयोगावर कार्यशाळा घेत आलेली आहे, आणि अशा प्रसंगी किरणोत्सार मोजण्याचे उपकरण त्या महाविद्यालयास भेट देण्याचाही तिचा शिरस्ता आहे. त्यासाठी विभागप्रमुखाच्या सहीचे एक रीतसर विनंतीपत्र मात्र गेले पाहिजे. त्या पत्राचा मराठी व इंग्रजी मसुदा कर्त्यांनी परिशिष्टात छापला आहे.